मागची वडी

जयश्रीच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा मी चुलीच्या डाव्या बाजूला बसले, आणि बसल्या बसल्या तिने मला उठवलं.

"ताई, जरा अलीकडं बसा. तिथं बाय बसते."

तिथे कोणीच नव्हतं. "बाय म्हणजे कोण गं?" मी विचारलं.

"माझी मोठी बहीण. ठकू."

"बाहेर गेल्यात का?"

"गेली ना. दोन सालं झाली," ती म्हणाली आणि कढईत डाव फिरवत राहिली.

मी सापगावची, नाव नम्रता. शहापूरला स्टँडच्या मागे माझं पापड-मसाल्याचं दुकान आहे. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या माणसाला मी आधी रात्री काय जेवला होतास ते विचारते. तरी त्या दिवशी मी मुकाट्याने अलीकडे सरकले. का सरकले हे मला अजून सांगता येत नाही.

तिच्या पाड्यावर मी गेले ते एका वडीपायी. डोळखांबच्या वरच्या अंगाला, जिथे रस्ता संपतो आणि नुसती पायवाट उरते, तिथला हा पाडा. श्रावणात जयश्री माझ्या दुकानात आली होती. सागाच्या पानात गुंडाळलेल्या काळपट वड्या तिने समोर ठेवल्या. मोहाची वाळवलेली फुलं शिजवून, गाळून, आटवून त्याचा घट्ट पाक करायचा, त्यात भाजलेलं नाचणीचं पीठ आणि खुरासणी, म्हणजे कारळे, घालायची आणि पानावर थापायची. पाड्यावरची पोरं त्याला चाकलेट म्हणत. मोह म्हटला की आपल्या लोकांना दारूच आठवते, त्यामुळे ही गोष्ट मला पन्नाशी गाठेपर्यंत कोणी सांगितली नव्हती. मी एक तुकडा तोंडात टाकला आणि थुंकले. कारल्यासारखी कडू.

"कडू होतंय ना?" जयश्री म्हणाली. तिला वाईट वाटलं नाही, ती नुसती दमलेली दिसली. "बायची अशी होत नव्हती. सगळं तसंच करते मी, ताई. तरी कडू."

मला राग आला की मी कामाला लागते. दिवाळीत शहरातले लोक मोहाचं चॉकलेट हातोहात नेतील एवढं मला कळत होतं. मी म्हटलं, चव जमव, दुकानातली अर्धी फळी तुझी. ती लगेच हो म्हणाली नाही. आधी दिवाळीला किती अवकाश आहे ते तिने विचारलं. मग समजलं की दिवाळी झाली की वीटभट्टीचा मुकादम पाड्यावर येतो आणि नवरा-बायकोच्या जोड्या कामाला घेऊन जातो. जयश्री आणि तिचा नवरा लखमा दर साली जात. या साली गेले तर मुलगी काजलही जाणार, कारण ती आता विटा थापायच्या वयाची झाली होती. ती दहावीला होती. वड्या खपल्या तर जयश्री घरी राहणार होती आणि काजल शाळेत. नाहीतर दोघी भट्टीवर. आडपडदा न ठेवता तिने हे मला दुकानात उभ्याउभ्या सांगितलं.

"भट्टीवर बाय गेली," ती म्हणाली. "तापानं. तिथंच खाडीच्या काठाला जाळली. माझ्या पोरीला मी तिकडं नेणार नाय."

तर अशी मी तिच्या घरी जाऊ लागले. भाद्रपद गेला, घट बसले, उठले, आणि वडी काही गोड होईना. फुलं बदलून पाहिली. पाणी बदललं. गूळ घातला तर वरून गोड आणि गिळताना पुन्हा तोच कडवटपणा. मी शहाणपणा करून कोको पावडर नेली. ती वडी पाड्यातल्या म्हाताऱ्या सकुबाईने चाखली आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी उरलेली पावडर पिशवीतून बाहेर काढलीच नाही.

पण त्या घरात वडीहून जास्त मला दुसरंच काहीतरी छळायला लागलं. जयश्री काम करता करता मध्येच म्हणायची, "सरक गो जरा," आणि डाव्या बाजूची परात पुढे ओढायची. कधी मान तिरकी करून ऐकायची आणि हसायची. ठकूला मिश्री लावायची सवय होती, आणि भर दुपारी, घरात कोणी मिश्री लावत नसताना, मला तो जळका वास यायचा. एकदा मी दाराकडे पाठ करून फुलं निवडत बसले होते. माझ्यामागे कोणीतरी बसलं. लुगड्याची सळसळ झाली, गुडघा मोडल्याचा आवाज आला. मला वाटलं सकुबाई आली. वळून पाहिलं तर कोणी नाही, आणि जयश्री शांतपणे म्हणाली, "तिला तुमचं फुलं निवडणं बघायचं असंल." मी उठले आणि कुडाला पाठ लावून बसले.

चुलीच्या वर आढ्याला एक शिंकाळं होतं. धुराने काळं झालेलं. त्यात पानाची एकच पुडी. मी एकदा विचारलं तर जयश्रीने हातातलं काम थांबवून सांगितलं.

पाड्यावरची चाल अशी होती. भट्टीवर निघण्याआधी ठकू वड्या करायची, सगळ्या पोरांना पुरतील एवढ्या, कारण ही वडी महिनोन्‌महिने टिकते आणि परमुलखात पोरं रडली की तोंडात द्यायला बरी पडते. आणि निघताना घरातलं प्रत्येक माणूस स्वतःची एक वडी शिंकाळ्यात ठेवून जायचं. तिला मागची वडी म्हणायचे. परत आलं की आधी ती खायची, मग पाणी प्यायचं. घराने वाट पाहिली, माणूस आलं, असं त्याचं असतं. ठकू गेली त्या साली जयश्री आणि लखमा परत आले आणि आपापल्या वड्या खाल्ल्या. ठकूची राहिली.

"ती कोणी खायची नाय," सकुबाईने मला बजावलं. "टाकायची बी नाय. खाल्ली म्हंजे तिला सांगितलं, तू आता येऊ नको. वाट बघणारं कोण नाय."

माझ्या डोक्यात लगेच ट्यूब पेटली, आणि मला माझीच लाजही वाटली. ठकूच्या हातची एक वडी जगात शिल्लक होती. चव काय होती ते त्या वडीइतकं दुसरं कोण सांगणार? मी जयश्रीकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मला कळलं की हे तिला माझ्या कितीतरी आधी सुचलेलं आहे आणि ती रोज त्या शिंकाळ्याखाली बसून कडू वड्या थापते आहे. मी पुन्हा फुलं निवडायला घेतली. सांगणारी मी कोण?

दिवाळी तोंडावर आली. मी गेले तेव्हा मुकादम यंदा आधीच येऊन गेला होता. लखमाने जायचं कबूल केलं होतं. काजल दारात बसून दप्तरातली पुस्तकं काढून दप्तर धूत होती, भट्टीवर कपडे भरायला. दप्तर उलटं करून तिने दगडावर आपटलं, पिळलं आणि कुडावर वाळत घातलं.

जयश्रीने ते पाहिलं. मग ती उठली, पाटावर चढली आणि शिंकाळ्यातली पुडी काढली. पान हात लावताच चुरा झालं. वडी दगडासारखी झाली होती, तिने ती बत्त्याने फोडली. तुकडा तोंडात टाकायच्या आधी ती डाव्या बाजूला वळली आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "बाय, पोरीसाठी खाते गो."

तिने तो तुकडा बराच वेळ घोळवला.

"खारट," ती म्हणाली. "वरून खारट हाय. आत नाय."

मग तिला वाडगा आठवला. वड्या थापताना ठकूच्या शेजारी नेहमी एक वाडगा असायचा. पाक हाताला चिकटू नये म्हणून ती त्यात हात बुडवायची. सगळ्यांना वाटायचं पाणी आहे. जयश्री साधं पाणी घ्यायची. ठकूच्या वाडग्यात मिठाचं पाणी असायचं, आणि जिभेला आधी मीठ लागलं की मागचा कडवटपणा जाणवत नाही. ती कोणाला सांगायची नाही, कारण तिला कोणी विचारलंच नव्हतं. गोडाच्या वडीत मीठ आहे का, असं कोण विचारील?

जयश्रीने त्याच दुपारी नवी कढई चढवली आणि मिठाच्या पाण्याच्या हाताने वड्या थापल्या. मी खाल्ली, काजलने खाल्ली. सकुबाईने खाल्ली आणि डोळे पुसले. जमली होती.

त्या दिवाळीत माझ्या दुकानात मोहाचं चॉकलेट पुरलं नाही. मुरबाडचा एक दुकानदार माझ्या दुकानापर्यंत शोधत आला. लखमा एकटाच भट्टीवर गेला, जोडी नाही म्हणून कमी भावाने. काजल शाळेत जाते.

पौषात मी माल आणायला गेले. पाडा निम्मा रिकामा, दारांना काटक्या लावलेल्या. जयश्री कढईत डाव फिरवत होती. मी आपली ऑर्डरींचं सांगत सुटले होते. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की ती मध्ये काहीच बोलत नाही. सरक म्हणत नाही, हसत नाही. मिश्रीचा वासही नव्हता. मला त्याची सवय झाली होती आणि तो नाही म्हणून मला भीती वाटली.

"जयश्री, बाय?"

"येत नाय, ताई. त्या दिवसापासून येत नाय."

मी म्हटलं, पोरगी शाळेत आहे ना.

"हाय ना. पुन्हा तसंच असतं तर पुन्हा खाल्ली असती मी." तिचा हात थांबला. "भट्टीवर तिला जाळली तवा मी रडले नाय. सगळी म्हणायची, कशी बहीण ही. रडायचं कशाला? ती माझ्याबरोबर घरी आली होती. ती मेली ती आता, ताई. माझ्या तोंडात मेली."

आणि मग ती रडली. मयताच्या घरात बाया रडतात तशी, मोठ्या गळ्याने, बाय गो, बाय गो, करत, ठकूने तिला कडेवर घेतल्यापासूनचं एकेक सांगत. सकुबाई काठी टेकत आली. काय झालं हे तिने विचारलं नाही. ती जयश्रीच्या शेजारी बसली, तिच्या हातातला डाव काढून माझ्या हातात दिला, कारण पाक करपायला आला होता, आणि तिच्या गळ्यात हात घालून तीही रडायला लागली.

मी डाव फिरवत राहिले.