आवतन दिलेले बैल

बैल कोणाचाही असो, दिसला की आमचा शेजारी आधी त्याचं वशिंड दाबून पाहायचा. मग त्याच हाताने तंबाखू मळून तोंडात टाकायचा. मला शिसारी यायची.

"वैनी, वशिंड कडक हाय तं उनाची फिकीर नाही," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

कारखाना उभा राहत होता तेव्हा आम्ही त्याच्याजवळच्या कुरुद गावात झोपडीत राहत होतो. हा शेजारी वर्ध्याकडून बैलबंडी आणि पांढऱ्या गवळाऊ बैलांची जोडी घेऊन माती वाहायला आलेला. भर उन्हात दुसऱ्यांचे हेले, म्हणजे रेडे, डबक्यात जाऊन बसत आणि त्यांचे मालक काठावरून शिव्या घालत. याची जोडी चालतच असायची. "तुमच्या हेल्याले साबन देऊ का?" असं वर विचारायचा. घरी आला की आधी बैलांना पाणी. बायको तापाने फणफणत पडली होती, तरी आधी बैलच. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल.

पुढे मोठे ट्रक आले, बंड्या बसल्या. त्याला कारखान्यात नोकरी लागली, कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर दहामध्ये क्वार्टर मिळालं. तिथे बैल कुठे बांधणार? जोडी विकावीच लागणार होती. त्यासाठी मी त्याला दोष देत नाही.

विकली कधी, ते ऐका. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे तूप-हळदीने शेकतात आणि त्यांना जेवायला बोलावतात. त्यानेही पळसाच्या पानाने तूप चोळलं आणि बैलांच्या कानाशी वाकून म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

सकाळी त्याची बायको पुरण शिजवत होती आणि व्यापारी दारात. व्यापाऱ्याने दोन्ही वशिंडं दाबली. "पक्के हैं," म्हणाला.

"आजचा दिस थांबा ना जी," बायको म्हणाली.

"उद्या गिऱ्हाईक भेटन काय?" तो तिच्यावर खेकसला.

मी म्हटलं, "आवतन देलं ना तुमी?"

"जनावराले काय समजते, वैनी!"

मी त्याच्यासमोरच थुंकले. बैल गेले तेव्हा त्यांच्या खांद्यांवरचं तूप अजून चमकत होतं. पुरणाला त्या घरात कोणी हात लावला नाही.

काही वर्षांनी माझ्या मुलीच्या लग्नाचं सांगायला त्याच्या क्वार्टरवर गेले, त्याच्या बायकोसाठी. तो दारात उभा, कपडे इस्त्रीचे, तोंडात तंबाखू नाही.

"वैनी, मले आवतन नोका देऊ."

"कावून?"

"आवतन घेतलं का जेवनाची वाट पाहा लागते. जनावर बी पाहाते."

आता कळलं होतं मेल्याला. मला दया आली नाही. "पान वाढीन," एवढं बोलून निघाले.

लग्नाला बायको एकटीच आत आली. तो मांडवाबाहेर, पाहुण्यांच्या बंडीपाशी उभा होता. बैलाच्या वशिंडापर्यंत हात नेला आणि न लावताच मागे घेतला.

पंगत उठली तरी त्याचं पान तसंच. मी ते उचललं आणि बाहेर नेऊन त्या बैलांपुढे ठेवलं. तो तेव्हा रस्त्याच्या टोकाला पोचला होता. मी हाक मारली नाही.