खसबच्या खाडीत, जून महिन्यात

रविवारी सकाळी माझा नवरा मस्कतला, अल् खुवैरमधल्या ऑफिसात मीटिंगला बसला असताना वारला. मी घरी भेंडी चिरत होते. दुपारी मी हॉस्पिटलात सही केली आणि संध्याकाळी त्याच्या मुलीला पुण्याला फोन लावला.

मुलगी त्याची, माझी नव्हे. तिची आई, म्हणजे त्याची पहिली बायको, इथल्याच रुवी भागातल्या जुन्या घरात आजारी पडली आणि थोड्याच महिन्यांत गेली. मुलगी तेव्हा शाळेत होती. ती पुण्याला मावशीकडे वाढली. मी त्यानंतर काही वर्षांनी या घरात आले, पुण्यातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयातली नोकरी सोडून, चाळिशी उलटल्यावर, कपड्यांपेक्षा पुस्तकं जास्त घेऊन. समोर मी त्याला कायम 'अहो' म्हटलं. इथे 'तो' लिहिते आहे. एवढं जवळचं मला समोर कधी म्हणता आलं नाही.

पहिलीने मला कसलाच त्रास दिला नाही. तिचा फोटोसुद्धा भिंतीवर नव्हता. मी यायच्या आधी त्यानेच तो काढून ठेवला होता. त्रास व्हायचा तो लोकांमुळे. रुवीतली त्याची जुनी मित्रमंडळी घरी आली की कुणीतरी हमखास म्हणायचं, "आधीच्या वहिनी म्हणजे घर डोक्यावर घ्यायच्या हो! तुम्ही अगदी शांत." हे ते माझं कौतुक म्हणून सांगत. मी चहात साखर किती, ते विचारायचे.

मुलगी व्हायच्या आधी तो आणि पहिली मुसंदमला जाऊन आले होते, डिसेंबरात. ओमानच्या पार उत्तरेला डोंगर सरळ समुद्रात उतरतात आणि समुद्र त्यांच्या मधल्या फटींतून मैलोन् मैल आत शिरतो. खसब गावातून छोटी बोट करायची आणि त्या खाडीतली बेटं बघत दोन-तीन दिवस हिंडायचं. हे मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं, कारण मी विचारलं. मी सगळंच विचारायचे. कुठे उतरलात, काय खाल्लंत, ती काय म्हणाली. तो सरळ मनाने सांगायचा. त्याला वाटायचं, मला भूगोलात रस आहे.

"मलाही न्या तिकडे," मी एकदा म्हटलं.

"जाऊ की. डिसेंबरात रजा टाकतो."

"डिसेंबरात नको. जूनमध्ये."

"जूनमध्ये? अगं, भाजून निघशील. चिटपाखरू नसतं तिकडे जूनमध्ये."

"म्हणूनच," मी म्हटलं. त्याला ते कळलं नाही आणि मीही समजावून सांगितलं नाही. तिचा डिसेंबर होता. मला तिने न वापरलेला महिना हवा होता.

मंडळींनी यथेच्छ चेष्टा केली. "उन्हाळ्यात माणसं मस्कत सोडून केरळला पळतात, आणि हे दोघं खसबला! हनिमून का हो, भाऊ?" तो लाजला. आम्ही विमानाने गेलो.

बोट फायबरची होती, वर कापडी छत, मागे एक इंजिन. चालवणारा पन्नाशीचा ओमानी माणूस होता. डोक्याला ओला फडका गुंडाळलेला आणि बोलणं त्या हिंदीत, जी इथे सगळेच एकमेकांशी बोलतात. त्याला सगळे कॅप्टन म्हणत. धक्का सोडल्यावर त्याने माझ्या नवऱ्याला विचारलं, "भाई, पहले कभी आया इधर?"

"हां. बहुत साल पहले."

"मॅडम भी?"

त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "हां. मॅडम भी."

त्यात खोटं काही नव्हतं. एक मॅडम आली होती. अनोळखी माणसाला बोट चालू असताना कुणी सगळी हकिकत सांगत बसत नाही, हेही मला समजत होतं. पण मग तो अख्खा दिवस कॅप्टनने मला तीच मॅडम धरलं. डॉल्फिनांची जागा आली तेव्हा त्याने इंजिन हळू केलं आणि माझ्याकडे बघून हसला. "मॅडम को मालूम है. अब शिटी मारने का."

"ती दोन बोटं तोंडात घालून शीळ घालायची," माझा नवरा हळूच म्हणाला. "अशी की वरच्या कड्यावरच्या बकऱ्या वळून बघायच्या."

मला शीळ घालता येत नाही. मी टाळ्या वाजवल्या. डॉल्फिन आले, बोटीच्या अंगाला लागून पोहले. तो लहान मुलासारखा वाकून बघत होता. मी बघत होते त्याच्याकडे, आणि तो हे आधी कुणाबरोबर बघून बसलाय याचा विचार करत होते.

पुढे ते छोटं बेट आलं, ज्याच्यावर इंग्रजांनी तारायंत्राच्या कामासाठी बांधलेल्या खोल्यांचे दगड अजून आहेत. पायऱ्यांशी बोट लागली. "इथे ती घसरून आपटली," तो म्हणाला, "आणि आम्ही घाबरलो तर तीच हसत सुटली." त्यापुढच्या नितळ पाण्याशी तिने माशांना पावाचा एक तुकडा टाकला होता, मासे एवढे आले की ती टाकतच राहिली, आणि दुपारी दोघांना जेवायला काही उरलं नाही. मग तिने बोटवाल्याच्या डब्यातला भात मागून घेतला, मिरची मागितली, आणि नाही म्हटल्यावर पर्समधून लोणच्याची पुडी काढली. "पर्समध्ये लोणचं!" तो म्हणाला. मी हसले. ऊन इतकं होतं की बोटीच्या काठाला हात लावता येत नव्हता. पाणीसुद्धा कोमट होतं. मी जून मागून घेतला होता, पण जागा सगळ्या तिच्याच होत्या.

दुसऱ्या दिवशी निघतानाच मी कॅप्टनला विचारलं, जिथे कुणी जात नाही अशी जागा कुठे आहे. त्याने डावीकडच्या अरुंद फाट्याकडे बोट केलं. "उधर कुछ नहीं, मॅडम. एक गाँव है, अभी खाली. गरमी में सब लोग खसब चला जाता."

"वहीं चलिए."

"अगं, कशाला?" माझा नवरा म्हणाला.

"तुम्ही गेला आहात तिथे?"

"नाही."

"मग झालं तर."

कॅप्टनने खांदे उडवले. "यल्ला, चलो."

गाव दिसायला लागलं तेवढ्यात इंजिन गुरगुरलं आणि बंद पडलं. पाण्यातलं कुणाचं तरी टाकून दिलेलं जाळं पंख्यात गुरफटलं होतं. कॅप्टन सुरी घेऊन पाण्यात उतरला. जाळं निघालं, पण आत काहीतरी तुटलं होतं आणि ते तिथे दुरुस्त होण्यासारखं नव्हतं. दोघांनी वल्ह्यांनी रेटत बोट गोट्यांच्या किनाऱ्याला लावली. मोबाइलला रेंज नव्हती. "शाम को मछलीवाला कोई आएगा," कॅप्टन म्हणाला. "इन्शाल्ला."

सगळ्या घरांना कुलपं होती. आम्ही एका भिंतीच्या सावलीत बसलो. सावली जेमतेम दोन माणसांपुरती होती, म्हणून कॅप्टन बोटीच्या छताखाली गेला. आणि मग मी माझ्या नवऱ्याला घाबरलेलं पाहिलं. त्याने रुमाल भिजवून माझ्या डोक्यावर ठेवला. तो वाळला की पुन्हा भिजवायला जायचा. पाण्याची बाटली स्वतः तोंडाला न लावता माझ्याकडे द्यायचा.

"तुला काही झालं तर मी काय करू?" तो म्हणाला. "मला परत नाही जमणार."

त्या 'परत'मध्ये ती होतीच. पण ते मी त्या दिवशी मनाला लावून घेतलं नाही. इथे त्याच्याकडे सांगायला काही नव्हतं. या भिंतीबद्दल, या गोट्यांबद्दल त्याला माझ्याइतकंच माहीत होतं.

"काहीतरी बोल ना," तो म्हणाला. मला बोलता येत नाही, वाचता येतं. पिशवीत कथांचं एक पुस्तक होतं. दोन भाऊ म्हैस विकायला बाजाराला निघतात, अशी एक कथा मी मोठ्याने वाचायला घेतली. थोड्या वेळाने कॅप्टन उन्हातून चालत आला आणि उकिडवा बसला. "क्या लिखा है?" मग मी एक पान मराठीत वाचायचे आणि त्याचं हिंदी करायचे. माझं हिंदी ऐकून माझा नवरा डोळे पुसत हसत होता. कॅप्टन मात्र गंभीर होता. मोठ्या भावाची लबाडी त्याच्या लगेच लक्षात आली.

ऊन कलल्यावर मच्छीमारांची एक बोट खरंच आली. त्यांनी दोर टाकला, हाका मारल्या. कॅप्टनने त्यांना हाताने थांबवलं आणि मला विचारलं, "भैंस बिका कि नहीं?"

"नहीं बिका. छोटा भाई वापस ले गया."

"अल्हम्दुलिल्ला," तो म्हणाला, आणि मग उठला.

ही गोष्ट माझा नवरा पुढे किती वेळा सांगायचा! बौशरला मित्रांकडे गणपतीच्या जेवणाला, आमच्याकडे पत्ते खेळताना. "हिने त्या माणसाला वेड लावलं," असं म्हणून माझ्याकडे हात करायचा. मी मान खाली घालायचे. मला ते फार आवडायचं. तो मित्रमंडळींत सांगायचा त्यातली माझी अशी ही एकच गोष्ट होती. बाकी सगळ्या तिच्या होत्या.

तो गेल्यावर मुलगी आली. दिवस घातले. पुण्याच्या गुरुजींना मी फोनवर विचारलं की पितृपक्षातल्या अविधवा नवमीचं आता काय करायचं. बाई नवऱ्याच्या आधी गेली तर तिच्या नावाने त्या दिवशी सवाष्ण जेवू घालतात. आमच्या घरात ते मीच करायचे. पुरण घालायचे, कुणाला तरी बोलवायचे, ओटी भरायचे. गुरुजी म्हणाले, "आता यजमानच गेले, आता ती नवमी नाही. त्यांच्याबरोबर त्या पहिल्या ताईंचंही नाव घ्यायचं." म्हणजे ती सवाष्ण म्हणून गेली, आणि आता त्याच्या शेजारी तिची जागा झाली. मी फोन ठेवला. तांदूळ धुवायला घेतले होते ते पुन्हा धुतले.

त्याच संध्याकाळी रुवीची आणि बौशरची माणसं भेटायला आली होती. मी स्वयंपाकघरात होते. बाहेर मुलगी बोलत होती, अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी. "बाबा एक स्टोरी नेहमी सांगायचे. आई आणि ते खसबला गेले होते, बोट अडकली, आणि आई बाबांना पुस्तक वाचून दाखवत होती. तर तो बोटवाला म्हणतो..."

लोक हसले. त्या घरात तेवढ्या दिवसांत पहिल्यांदाच कुणी हसलं. मी ट्रे घेऊन दारात उभी होते. बौशरच्या वहिनींना खरी गोष्ट माहीत होती; त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पटकन नजर कपाकडे वळवली. मी सगळ्यांना चहा दिला.

माणसं गेल्यावर मुलगी कप गोळा करत होती. मी म्हटलं, "ती मी होते."

"कोण, काकू?"

"बोटीत. पुस्तक माझं होतं. म्हशीची गोष्ट मी वाचली."

ती कप हातात घेऊन उभी राहिली. "बाबांनी मला फोनवर कितीदा सांगितलंय. तुझ्या आईने असं केलं, म्हणून. मी लहान असल्यापासून."

"तू लहान असताना हे घडलंच नव्हतं. तू कॉलेजात होतीस."

तिने मनाशी काहीतरी जुळवून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी बघायला हवं होतं, पण मी टेबल पुसत होते. त्याचा खरंच घोटाळा झाला, की आईवाचून वाढलेल्या मुलीला द्यायला म्हणून त्याने माझी दुपार उचलली, हे मला त्याला विचारायचं होतं. पहिलं असेल तर मी क्षमा केली असती. दुसरं असेल तर त्याने मला विचारायला हवं होतं. मी दिली नसती.

"मग आईने काय केलं?" मुलीने विचारलं. आवाज एकदम लहान झाला होता. "ती गेलीच नव्हती का?"

"गेली होती."

"मग?"

मी गप्प राहू शकले असते. पण ती कप घेऊन तशीच उभी होती. मी म्हटलं, "बस." आणि मी तिला शिळेचं सांगितलं, बकऱ्यांचं, पायऱ्यांवरून आपटण्याचं. पाव माशांना टाकून दोघं उपाशी राहिले ते सांगितलं.

"पर्समध्ये लोणचं?" ती म्हणाली.

"कैरीचं. तिच्या आईने पाठवलेलं. नाताळची सुट्टी होती, आणि तिने त्याचा स्वेटर घातला होता, कारण स्वतःचा हॉटेलात विसरली होती. परतताना ती बोटीच्या टोकाशी उभी होती आणि बस म्हटलं तरी बसली नाही."

मुलगी रडत होती आणि हसतही होती. "हे बाबांनी मला कधीच नाही सांगितलं. तुम्हाला कसं माहीत एवढं?"

"मी विचारलं होतं," मी म्हटलं.

'का विचारलंत?' असं तिने म्हटलं नाही. ती आणखी मागत गेली आणि मी सांगत गेले. मी एकही तपशील विसरले नव्हते. माया असती तर विसरले असते.

ती शुक्रवारच्या विमानाने गेली. विमानतळावर म्हणाली, "काकू, म्हशीची गोष्ट तुमची. मी आता तशीच सांगेन." आणि मग, "पण मला ती आईची म्हणून इतकी वर्षं आवडायची ना." मी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

माझा व्हिसा त्याच्या नोकरीवर होता, त्यामुळे हे घर महिनाअखेर सोडायचं आहे. पुस्तकं खोक्यांत भरून झाली आहेत. मुलगी दर रविवारी फोन करते आणि आईबद्दल विचारते, आणि मी सांगते. पहिलीचा हेवा मला अजून वाटतो.