शेजारच्या बागेची चौकशी

पुण्याहून निघताना संगणकाची पेटी गोधडीत गुंडाळून जीपच्या मागच्या भागात ठेवली होती. नाशिकपर्यंत ती तेथे सुखाने राहिली. मालेगाव सोडल्यावर मात्र रस्त्याने असे काही हिसके दिले, की सुनंदाने गाडी थांबवून ती पेटी माझ्या मांडीवर दिली आणि पडद्याचे खोके स्वतः कवटाळून बसली. अशा थाटात आम्ही खानदेशात प्रवेश केला. धुळ्याला पोहोचलो तेव्हा माझे दोन्ही पाय बधिर झाले होते. पण पेटी शाबूत होती.

या प्रवासाचे कारण आधी सांगितले पाहिजे. सुनंदा ही आमच्या कृष्णाकाठच्या शाळेतील माझी विद्यार्थिनी. सातवी ते दहावी मी तिला विज्ञान शिकवले. आता ती पुण्यातील एका सरकारी संस्थेत संगणकाचे काम करते. वाचकांना आठवत असेल, की आपल्या देशाने अमेरिकेकडे प्रचंड क्षमतेचा संगणक मागितला होता आणि आपल्याला हवा होता तसा तो मिळाला नाही. अमेरिका आणि रशिया यांच्या चढाओढीत कोणते यंत्र कोणाच्या हाती जावे, हे यंत्राच्या उपयोगावरून नव्हे, तर मैत्री आणि संशय यांवरून ठरत असे. तेव्हापासून पुण्यात आपली माणसे तसा संगणक स्वतःच बांधण्याच्या मागे लागली होती.

सुनंदाचे काम त्या मानाने लहान, पण माझ्या मते तितकेच महत्त्वाचे. साध्या संगणकाला तज्ज्ञासारखा विचार करायला शिकवायचे. यालाच कृत्रिम बुद्धी म्हणतात. नाव भारदस्त असले तरी रीत शाळेतलीच. जर पानावर रेघा असतील, आणि जर त्या खालच्या पानांपासून सुरू झाल्या असतील, तर रोग अमुक. असे शेकडो ‘जर-तर’ यंत्रात भरायचे. यंत्र शेतकऱ्याला एकेक प्रश्न विचारते आणि उत्तरांवरून केळीचा रोग ओळखते. ते प्रश्न मराठीत लिहिण्याचे काम तिने मला दिले होते. “बाई, प्रश्नपत्रिका काढायच्यात तसेच काढा. एका प्रश्नाचे दोन अर्थ निघता कामा नयेत.” मी छत्तीस प्रश्न काढले. एकाही प्रश्नाचे दोन अर्थ निघत नव्हते, याचा मला थोडा अभिमानही होता.

आम्ही निघाल्यापासून चौथ्या दिवशी दिल्लीचे एक अधिकारी हे यंत्र बागेतच पाहणार होते. त्यांना ते निरुपयोगी वाटले, तर सुनंदाचे काम बंद होणार होते आणि परदेशातला तयार संगणक-कार्यक्रम मागवला जाणार होता. हे सांगताना तिचा आवाज शांत होता. फक्त हातातल्या रुमालाला ती सारखी गाठी मारत होती.

पारोळ्याला किल्ल्याजवळ चहासाठी थांबलो. त्या हिवाळ्यात आखातात युद्धाची तयारी चालली होती. डिझेलसाठी रांगा लागत होत्या आणि चहाच्या दुकानातल्या रेडिओवर तीच बातमी होती. पेटी मांडीवर घेऊनच बाकावर बसलेली बाई पाहून दुकानदार आबांना राहवले नाही.

“पेटीमा काय शे, अक्का? (पेटीत काय आहे?) टीव्ही शे का?”

“संगणक आहे, आबा. केळीचा रोग ओळखतो,” सुनंदा म्हणाली.

“अमेरिकाना शे?”

खरे उत्तर द्यावे म्हणून मी म्हणाले, “आतले काही भाग बाहेरचे आहेत. विचार आपला आहे.”

“मंग हाई बोलस का? (मग हे बोलते का?)”

“बोलत नाही. प्रश्न विचारतो.”

“इचारानं काम ते मनी (माझी) बायकोबी करस!” आबा म्हणाले आणि बाकावरची बठ्ठी (सगळी) मंडळी हसली. किल्ल्याचे बुरूज निवांतपणे पाहण्याचा माझा बेत होता. पण गिऱ्हाइकांच्या शंकांचे निरसन करण्यात तो वेळ गेला.

जळगावी आमचा मुक्काम मेहरूणला होता. सकाळी तलावावर धुक्याचा पातळ थर होता. आमच्याकडे थंडी पहाटे येऊन उन्हाबरोबर जाते. येथे ती दुपारच्या सावलीतही बसून असते. न्याहारीला शेवभाजी आली. तिच्या तर्रीला मी हलके लेखले आणि पुढचा अर्धा तास पाणी पीत राहिले. ही चूक माझ्या वाचकांनी करू नये.

तिथून आम्ही रावेरच्या बाजूला एका गावी गेलो. तापी ओलांडली आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळी सुरू झाल्या. ऊस मी जन्मभर पाहिला आहे. पण ऊस माणसाला आत घेत नाही. केळीची बाग घेते. आत शिरले, की हिरव्या छपराच्या दालनात आल्यासारखे वाटते आणि पावलांचा आवाज ओल्या मातीत विरतो.

पुंडलिकनानांच्या बागेत विहिरीवरच्या पंपाच्या खोलीत आम्ही यंत्र मांडले. नाना साठीचे, उंच, धोतर-टोपीतले. पंप सुरू झाला की विजेचा दाब उतरे आणि पडद्यावरची अक्षरे आक्रसून जात. म्हणून पंप बंद ठेवावा लागला. ते नानांनी विनातक्रार केले. मग ते खुर्चीवर ताठ बसले आणि मी एकेक प्रश्न वाचू लागले.

“तुमच्या बागेतील केळीच्या खालच्या पानांवर पिवळ्या रेघा दिसतात का?”

“नाही.”

“त्या रेघा तपकिरी झाल्या आहेत का?”

“नाहीच तं तपकिरी कशाच्या होतीन? आमच्या केयीले (केळीला) काही झालं नाही, मास्तरीनबाई. मस्त हाये.”

छत्तीस प्रश्न संपले. यंत्राने क्षणभर विचार केला आणि मराठी अक्षरांत उत्तर दिले : ‘बाग निरोगी आहे. पाणी नियमित द्यावे.’ नाना प्रसन्न झाले. मी दारातून वर पाहिले. समोरच्या झाडाचे पान रेघारेघांचे होते आणि त्याचे टोक जळल्यासारखे होऊन खाली लोंबत होते.

त्यानंतर नानांचे शेजारी दगडूभाऊ आणि आणखी तीन शेतकरी बसले. पाचही बागा निरोगी ठरल्या. सुनंदाने ‘जर-तर’ पुन्हा तपासले. चूक कोठेही नव्हती. “बाई, मी त्याला विचार करायला शिकवलं,” ती हळूच म्हणाली, “पण त्याला डोळे नाहीत. सांगतील तेच त्याला खरं.” दिल्लीचे पाहुणे परवा येणार होते.

दुपारी नानांकडे भरिताचे जेवण होते. हिरवी लांबट वांगी कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भाजून लाकडी बडगीत (उभट उखळासारखे भांडे) ठेचतात. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली. केळीच्या पानावर वाढलेले ते गरम भरीत खाताना मी आमच्याकडच्या भरिताबद्दल आजवर जे चांगले बोलले होते, ते मनातल्या मनात मागे घेतले. सुनंदा मात्र घास नुसता चिवडत होती.

काशीअक्का, म्हणजे नानांच्या पत्नी, वाढत होत्या. त्यांच्या ते लक्षात आले. “पोरीले भरीत आवडलं नाही का?”

मी सगळे सांगितले. नाना दगडूभाऊंशी बोलत हात धुवायला गेले होते, म्हणून जरा धीटपणे म्हणाले, “अक्का, पानं पिवळी दिसतात, आणि नाना नाही म्हणतात.”

इतके शिकलेल्या बाईला हे कळू नये, याचे अक्कांना नवल वाटले असावे. “अवं, उभ्या केयीसमोर तिले आजारी म्हनता का कोनी? लेकराच्या तोंडावर म्हनते का आपन, का याचं काही खरं नाही म्हनून? बागेत बसून तसं बोलत नसतेत.”

मी छत्तीस प्रश्न विचारले होते आणि छत्तीस वेळा एका गृहस्थाला त्याच्या लेकरासमोर ते आजारी आहे असे म्हणायला लावू पाहिले होते. नाना खोटे बोलले नव्हते. प्रश्न चुकीच्या जागी उभा होता.

दोघे परत येऊन बसले तेव्हा मी सहज विचारल्यासारखे विचारले, “नाना, बांधापलीकडे दगडूभाऊंची बाग कशी आहे?”

“त्याच्या बागेची काय गोठ (गोष्ट) सांगू! खालच्या पानायवर पिवय्या रेघा. त्या तपकिरी झाल्या. मंग पान असं करपून लोंबते. म्या म्हनलं, काप ती पानं अन् बाहेर ने. आयकते का तो?”

तेथेच बसलेले दगडूभाऊ उसळले. “माह्या बागेत? अन् तुह्या बागेत काय सोनं लागलं का? तुह्या तं वरच्या पानापर्यंत गेल्या रेघा!”

“तू आधी डोयाचा इलाज कर!”

“डोये चांगले हायेत म्हनूनच दिसते!”

सुनंदाने घास खाली ठेवला. तिची नजर माझ्याकडे वळली, आणि दहावीच्या वर्गात गणित सुटल्यावर तिच्या चेहऱ्यावर जे येत असे, तेच मला पुन्हा दिसले. ती दुपार आणि पुढचा सबंध दिवस आम्ही नानांच्या ओसरीवर काढला. मी छत्तीसही प्रश्न नव्याने लिहिले, अक्कांना वाचून दाखवले, त्या “असं म्हना” म्हणाल्या तेथे बदलले आणि सुनंदाने ते यंत्रात भरले. आता यंत्र कोणालाही त्याच्या बागेबद्दल विचारत नव्हते. ते बांधापलीकडच्या बागेची चौकशी करत होते आणि प्रत्येक बागेचा निकाल तिच्या शेजाऱ्याच्या उत्तरांवरून लावत होते.

दिल्लीचे अधिकारी आले. सोबत एक कृषितज्ज्ञ होते. अधिकाऱ्यांनी पंपाची खोली, गोधडी आणि यंत्र पाहिले आणि सरळच विचारले, “इसमें ऐसा क्या है जो बाहर के प्रोग्राम में नहीं मिलेगा?”

सुनंदाने पहिल्या प्रश्नाचे हिंदीत भाषांतर करून सांगितले. अधिकारी हसले. “पड़ोसी का बाग? मालिक से क्यों नहीं पूछते?”

“आप ख़ुद पूछ लीजिए,” ती म्हणाली.

त्यांनी नानांना विचारले. दाराबाहेर उभे असलेले नाना टोपी सारखी करून म्हणाले, “मस्त हाये.” त्यांच्या डोक्यावरच ते करपलेले पान लोंबत होते. अधिकाऱ्यांनी त्या पानाकडे पाहिले. मग जरा वेगळ्या आवाजात म्हणाले, “मेरी माँ भी हर चिट्ठी में यही लिखती है, सब ठीक है। बीमारी की ख़बर पड़ोसी की चिट्ठी से मिलती है।”

त्यानंतर पाच जण बसले. तज्ज्ञांनी प्रत्येक बाग स्वतः फिरून पाहिली. चार बागांचे निदान जुळले : करपा. पडद्यावर सल्लाही आला : करपलेली पाने कापून बागेबाहेर टाकावीत. पाचव्या बागेत यंत्र करपा म्हणाले, तज्ज्ञांच्या मते ते पिवळेपण थंडीचे होते. सुनंदाने ते न लपवता वहीत टिपून घेतले आणि आणखी एक प्रश्न घालावा लागेल असे सांगितले. मला चार बरोबर निदानांपेक्षा या टिपणाचा अधिक आनंद झाला.

निघताना अधिकारी तिला म्हणाले, की परदेशी कार्यक्रमासाठीचे पत्र ते पाठवणार नाहीत, आणि बऱ्हाणपूरच्या बाजूसाठी हेच हिंदीत करता येईल का, असे त्यांनी विचारले. सुनंदा “हो” म्हणाली. मग पंपाच्या खोलीमागे जाऊन थोडी रडली. मी तिकडे गेले नाही.

पाहुण्यांच्या गाड्या गेल्या. आम्ही पेटी गोधडीत गुंडाळत होतो, तेव्हा बागेतून सपसप आवाज येऊ लागला. नाना विळ्याने खालची करपलेली पाने कापत होते.

“काय चाललंय, नाना?” मी विचारले.

“काही नाही. डोक्याले लागतेत पानं.” आणि कापलेली पाने त्यांनी पडद्यावर सांगितले होते तशी बागेबाहेर नेऊन टाकली. बांधापलीकडूनही तसाच आवाज येत होता.

परतताना पारोळ्याच्या आबांनी पैजेचा निकाल विचारावा तसे विचारले, “काय, पास व्हयनं का?”

“पास झालं, आबा. पण आधी मी नापास झाले.”

आबांनी त्या आनंदात दोन कप चहा आपल्याकडून पाजला.

मोठ्या राष्ट्रांनी एखादे यंत्र न देणे, हा आपला अपमान आहे असे मी वर्गात शिकवत असे. यापुढे एवढेच शिकवून थांबणार नाही. ते यंत्र मिळाले असते, तरी नानांच्या बागेत ते ‘निरोगी’ असेच म्हणाले असते. त्याला काय विचारायचे हे काशीअक्कांना ठाऊक होते, आणि ते ऐकून यंत्रात भरणारी मुलगी आमच्या शाळेतली होती.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी आमचे शेजारी सदाभाऊ चौकशीला आले. मी विचारले, “ऊस कसा आहे?”

“झकास आहे की.”

“आणि पलीकडच्या रानातला?”

सदाभाऊंनी खुर्ची पुढे ओढली, आणि मी वही उघडली.