मुडद्याचा अंगठा

मामांना नाटकात काम मिळालं ते मेल्याचं. मामा म्हणजे माझे सासरे. गावाकडं लिंबागणेशला भजनी मंडळात पखवाज वाजवायचे, आता आमच्याजवळ बीडला असतात. पडदा उघडतो तेव्हा म्हातारा अंगणात मरून पडलेला आणि त्याची पोरं वाटणीवरून भांडतायत, असं नाटक. तोंडी एक वाक्य नाही, तरी मामांनी अख्ख्या गावाला आमंत्रण दिलं. "माज्याबिगर पडदाच उघडत न्हाई," म्हणायचे.

त्याच नाटकाचं संगीत माझ्याकडं होतं. मी शाळेत गाणं शिकवते, पण नाटकासाठी स्वतः काही बांधायची पहिलीच वेळ. त्या भांडणाखाली जोगिया रागातली एक गत बसवली. पेटी, बासरी आणि तबल्यावर संथ दीपचंदीचा ठेका. जीव ओतला होता हो! घरात मात्र कौतुकाच्या नावानं शंख. मी रियाज केला की मामांचं एकच, "झालं का बाई तुजं आ-ऊ? मग च्या टाक." लग्न झाल्यापासून हेच ऐकतेय.

रंगीत तालमीत संगीत सुरू झालं आणि बघायला बसलेल्या बाया खिदळायला लागल्या. पाहते तर मुडद्याच्या पायाचा अंगठा हलतोय! ठेका फिरून समेवर आला की टुणकन वर.

दिग्दर्शक आमच्याच शाळेतले चित्रकलेचे सर, भलते तापट. "ओ मामा, तुम्ही मेलाय ना?"

"मेलोय की. त्यो अंगठा मरंना, त्याला काय करू?"

मी तबला काढून टाकला. तरी अंगठा समेवरच! मामा मनातल्या मनात मात्रा मोजत होते, दुसरं काय. मग सर म्हणाले, मेलेल्या माणसाचे अंगठे बांधतातच की, बांधा. सुतळीनं बांधले. सम आली आणि दोन्ही अंगठे जोडीनं उडाले. भांडणारी पोरंसुद्धा पोट धरून खाली बसली.

सरांनी हातातली वही आपटली. "बास! संगीत बंद. नुसतं भांडण होऊ द्या."

एवढी मेहनत, आणि एका अंगठ्यापायी मातीत? मामांचा असा संताप आला म्हणता! मी पेटी झाकायला लागले.

तेवढ्यात मुडदा उठून बसला. सुतळी सोडत म्हणाला, "सर, मुडदा दुसरा बघा. आमच्या गल्लीत रिकामटेकडे लई हायत. पर ते वाजवणं काढू नका." मग माझ्याकडं न बघताच, "आन् बाई, तबला परत घे. त्याच्याबिगर अळणी लागतंय."

मी तिथंच रडले, सगळ्यांदेखत.

प्रयोगाला गावाकडची माणसं जीप भरून आली. पडदा उघडला, तर मेलेला भलताच! मामा पहिल्या रांगेत चपला काढून, पाय लांब करून बसलेले.

"आवं, तुमी हितं कावून?" शेजारच्यानं मोठ्यानं विचारलं.

"गप ऐक बे," मामा म्हणाले. "सूनबाईचं सुरू झालंय."