डाव्या कडेची मोकळी जागा

आरागिरणीच्या मोठ्या मिस्त्रीकडे एक फळी होती. हातभर लांब, रंधा मारून तळहातासारखी गुळगुळीत केलेली. तिच्यावर त्यानं पटाशीनं फुटबॉलचं मैदान कोरलं होतं, भोकं पाडली होती आणि त्यांत बसणाऱ्या अकरा खुंट्या स्वतः घासून केल्या होत्या. दुपारचा भोंगा झाला की गिरणीचा संघ लाकडाच्या थप्प्यांवर बसून भाकरी सोडायचा आणि मिस्त्री फळी मांडीवर घेऊन खेळ शिकवायचा. त्यानं स्वतः कधी चेंडूला पाय लावला नव्हता. पण मापात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि त्याच्या मते फुटबॉल हेही मापाचंच काम होतं.

"गोलाचे खांब कुठे रोवलेत?" तो विचारायचा.

"मध्ये," सगळे घास चावत म्हणायचे.

"मग उंदरासारखं भिंतीच्या कडेकडेनं काय पळता? आरा ओंडक्याच्या मधून जातो म्हणून फळ्या पडतात. कडेनं गेला तर नुसत्या साली निघतील."

मिस्त्रीचं हे म्हणणं लागोपाठ दोन वर्षं खरं ठरलं. संघ मधून घुसायचा, आखूड पास द्यायचा आणि गोल करून मोकळा व्हायचा. माणसाला एकदा यश आलं की त्याचं मत आणि तो स्वतः वेगळे राहत नाहीत. मिस्त्रीचंही तसंच झालं.

त्याच्या मताला जुमानत नव्हता तो एकच, त्याचा सख्खा धाकटा भाऊ. सगळे त्याला धाकटाच म्हणत. तो गिरणीत चक्री करवतीवर होता. नऊ वर्षं एकाच जागी, करवत डाव्या अंगाला घेऊन उभा राहायचा आणि कापलेल्या फळ्या ओढून घ्यायचा. ती जागा मिस्त्रीनंच नेमून दिली होती, कारण घरच्या माणसाला भरवशाचं काम द्यावं असं त्याला वाटलं होतं. मैदानावर धाकटा डाव्या कडेला खेळायचा. चुन्याच्या रेषेला चिकटून तो असा पळायचा की खेळ संपल्यावर त्याचा डावा बूट पांढरा झालेला असायचा. तिथून तो चेंडू उचलून गोलासमोर टाकायचा, अगदी हातात आणून दिल्यासारखा.

तिसऱ्या वर्षी कागद कारखान्याच्या संघाशी अंतिम सामना ठरला. आदल्या दुपारी मिस्त्रीनं डाव्या कडेची खुंटी उपटली आणि मध्ये खोचली.

"तू उद्या मधून खेळायचंस."

"दादा, मला रेषेजवळच राहू दे," धाकटा म्हणाला. "तिथे एका बाजूनं तरी कुणी अंगावर येत नाही."

"भितोस?"

धाकट्यानं भाकरीचा तुकडा मोडला. एका खेळाडूनं चेष्टा केली, "मिस्त्री, राहू द्या की. रेषा सुटली तर याला घर सापडायचं नाही." सगळे हसले, धाकटाही हसला. मिस्त्रीला तेवढंच दिसलं.

सामन्यात कागदवाल्यांनी मधली जागा गोदामात पोत्यावर पोतं रचावं तशी बुजवून टाकली. डावी कड मात्र ओस पडली होती. बघणारी माणसं हात करून सांगत होती, तिकडे कुणी नाही, तिकडून जा. मिस्त्री कमरेवर हात ठेवून उभा होता. त्याला ते सगळं दिसत होतं. पण बघ्यांच्या सांगण्यावरून खुंटी हलवायची, हे काही त्याला जमेना.

बरोबरी होती आणि दहा मिनिटं उरली होती. धाकट्याला मध्ये चेंडू मिळाला. डावीकडून एक कागदवाला त्याच्यावर धावला. "सोड, आला, सोड," म्हणून त्याच बाजूनं धाकट्याचे तीन साथीदार ओरडत होते. धाकट्यानं मान वळवली नाही. धडक बसली, चेंडू गेला आणि त्याच चेंडूवर कागदवाल्यांनी गोल केला.

सामना संपल्यावर मिस्त्री मैदानात गेला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "बहिरा आहेस का रे? आख्खं मैदान बोंबलत होतं."

धाकट्यानं त्याच्याकडे नीट पाहिलं. "ऐकलं होतं दादा," तो म्हणाला. "चुकलं माझं."

त्यानं बूट काढले, नाड्यांची गाठ मारली आणि गिरणीतल्या खिळ्याला नेऊन टांगले. पंधरवड्यात त्यानं दूरच्या एका शहरात फर्निचरला पॉलिश करण्याचं काम धरलं. बायकोला घेऊन गेला. बूट तिथेच राहिले, त्यांच्यावर भुसा बसत गेला.

तीन वर्षांनी एका सकाळी मिस्त्रीनं तीच जुनी रड पुन्हा काढली. "एवढा ओरडा झाला आणि हा ढिम्म."

मिस्त्रीची बायको शर्टाला बटण लावत होती. "ऐकू यायला नको का?"

"म्हणजे?"

"डावा कान गेलाय त्याचा. करवतीनं. मला म्हणाला होता, वहिनी, दादाला सांगू नका, तो मला मशीनवरून काढेल आणि आपल्यामुळे झालं म्हणून जिवाला लावून घेईल." तिनं दोरा दातानं तोडला. "जेवायला तो नेहमी कुठे बसायचा, आठवतं?"

मिस्त्रीला आठवलं. डावा खांदा भिंतीला लावून बसायचा. रोज. घरी त्याला भिंत होती, मैदानावर रेषा होती. कानाची बाजू तो कुणालाही मोकळी देत नव्हता. मापात पटाईत असलेल्या माणसानं हे वर्षानुवर्षं पाहिलं होतं आणि एकदाही मोजलं नव्हतं.

त्यानंतर त्यानं सुतारी पेन्सिलीनं तीन वेळा पत्र लिहायला घेतलं. प्रत्येक पत्र 'चि. धाकट्यास' इथेच थांबलं. फोनवर तो तब्येत विचारायचा, लाकडाचे भाव सांगायचा. ती फळी त्यानं माळ्यावर टाकली. पुढे संघ दुसऱ्या कुणी घेतला, पण शिकवण मिस्त्रीचीच चालत राहिली. आपली चूक लोक पाठ करून खेळताहेत, हे बघत त्याचे केस पिकले.

मिस्त्री निवृत्त झाला त्या आठवड्यात धाकटा भेटायला आला. एकोणीस वर्षांत त्याचेही केस पांढरे झाले होते, बोटांना पॉलिशचा वास होता. संध्याकाळी दोघं मैदानावर गेले. सराव चालू होता. धाकटा बाकावर बसला, पिशवी उजवीकडे ठेवली. मिस्त्री दोन चहा घेऊन आला आणि मोकळ्या बाजूला बसला. वाटेत त्यानं मनाशी बोलणं जुळवलं होतं. मैदानाकडे बघतच तो म्हणाला,

"तुझं काही चुकलं नव्हतं रे. मीच तुला नको तिथे उभं केलं. करवतीपाशीही आणि इथेही."

धाकटा खेळ बघत राहिला. पापणीही हलली नाही.

मग मिस्त्रीच्या ध्यानात आलं, आपण डावीकडे बसलोय.

तो उठला, बाकाला वळसा घालून पलीकडे गेला, पिशवी मांडीवर घेऊन बसला. तोंड उघडलं, पण जे एकदा निघालं होतं ते पुन्हा निघेना. इतक्या वर्षांचा जोर त्या एका बोलण्यात खर्च झाला होता.

"काय झालं?" धाकट्यानं विचारलं.

"काही नाही. तिकडे ऊन लागत होतं."

दोघं बघत बसले. गिरणीचे खेळाडू मधून घुसत होते, अडत होते, पुन्हा घुसत होते.

"ती डावी कड बघ," धाकटा हळूच म्हणाला. "केवढी जागा मोकळी आहे."

मिस्त्रीनं पाहिली. चुन्याची रेषा कोपऱ्यापर्यंत सरळ गेली होती आणि तिच्याजवळ कुणी नव्हतं.

"आहे खरी," तो म्हणाला. रेषेकडे बघतच पुढे म्हणाला, "तेव्हाही होती."

हे धाकट्यानं ऐकलं. तो भावाकडे वळला नाही, पण मान हलवली. "चहा घे दादा," तो म्हणाला, "गार होईल."

मिस्त्रीनं चहा घेतला. मैदानाचं तेवढं बोलून झालं होतं. करवतीचं राहिलं. दुसऱ्या दिवशी स्टँडवर गाडी सुटेपर्यंत तो धाकट्याच्या उजव्या बाजूनं चालत होता, आणि तरीही ते राहिलंच.