पाकिटावरचं अक्षर

नाव: बाळकृष्ण त्र्यंबक पांढरीपांडे ऊर्फ बाळूकाका. मूळ गाव: नागपूर. हल्ली मुक्काम: अरेरा कॉलोनी, भोपाळ. हुद्दा: सेवानिवृत्त वरिष्ठ लिपिक, राज्य शासन. दृष्टी: चष्म्यासह समाधानकारक. हस्ताक्षर: उत्तम. अन्य विशेष पात्रता: निरंक.

शेवटच्या दोन नोंदी त्यांच्या गोपनीय अहवालात दरवर्षी जशाच्या तशा उतरत गेल्या. साहेब बदलायचे, शेरा बदलत नसे. बाळूकाका त्यातली पहिलीच नोंद लोकांना सांगत.

वडील सरकारी कचेरीबरोबर नागपूरहून भोपाळला आले तेव्हा बाळू चार रेघांच्या वहीत इंग्रजी गिरवत होता. शब्द पुरा होईपर्यंत टाक कागदावरून उचलायचा नाही, हा घरचा कायदा. अशा लिहिण्याला तेव्हा ‘रनिंग’ म्हणत. पुढे नोकरीत सरकारी पत्रं टाइप होऊन जात, पण साहेबांच्या घरची निमंत्रणं आणि निरोप समारंभांची मानपत्रं बाळूकाकांच्या टेबलावर येत. बड्या साहेबांच्या चार इमली वस्तीतल्या बंगल्यांत राहायचा योग त्यांना कधी आला नाही. त्यांचा कॅपिटल एस मात्र तिथल्या बऱ्याच दिवाणखान्यांत जाऊन आला.

घरच्या लग्नांचे पत्तेही तेच लिहीत. मग लग्नं तेवढीच राहिली आणि पाकिटं कमी झाली. नात सोनालीच्या लग्नापर्यंत पत्रिका मोबाइलवर सनई वाजवत येऊ लागली होती. तरी वडीलधाऱ्यांसाठी थोड्या छापून घेतल्या, आणि तो गठ्ठा बाळूकाकांनी स्वतःकडे ओढला.

“आबा, मी पत्त्यांचे स्टिकर प्रिंट करते ना. दो मिनट का काम है.”

“मग लग्नही स्टिकरने चिकटवून टाक. मांडव तरी कशाला?”

“लिहू दे गं त्यांना,” सोनालीची आई, बाळूकाकांची सून मंजूषा म्हणाली. “पण बाबा, मोबाइल नंबर घाला हं. कुरियरवाले मागतात.”

“नंबर घालायला ते काय गॅसचं सिलिंडर आहे?”

नंबर घातले नाहीत. हात जरा कापत होता, पण रनिंगचा एक फायदा असतो, कापरं वळणात जिरून जातं. भोपाळच्याच टोकाच्या मिसरोदचा एम तर त्यांनी असा काढला की लिहून झाल्यावर बराच वेळ बघत बसले.

त्याच मिसरोदहून आठवड्याने फोन आला. कचेरीतले जुने सोबती श्याम देवपुजारी.

“बाळ्या, नातीचं लग्न, आणि आम्हाला पत्रिका नाही? मोबाइलवरचा गणपती बघून मी जेवायला यायचं होय?”

“अरे, पाठवली! स्वतःच्या हाताने लिहिली.”

“मग हातानेच आणून द्यायचीस.”

फोन ठेवून बाळूकाकांनी चप्पल घातली. मंजूषा मागोमाग निघाली. कुरियरच्या दुकानात सगळी पाकिटं काउंटरखालच्या ट्रेमध्ये नीट रचून ठेवलेली होती.

“अच्छा, ये आपके हैं अंकलजी? हमने तो उर्दू समझ के अलग रख दिए थे. फिर रईस भाई को दिखाया. वो बोले, उर्दू भी नहीं है.”

“इंग्लिश आहे!” बाळूकाका म्हणाले. राग आला की त्यांचं हिंदी सुटून ते मराठीवर यायचे.

त्या माणसाने पाकीट आडवं धरलं, उभं धरलं. “है बहुत सुंदर. पर लिखा क्या है?”

मंजूषाने पाकीट त्याच्या हातातून घेतलं. ती बँकेत अधिकारी होती, दिवसभर इंग्रजीच वाचायची. मिसरोद तिने लगेच वाचलं, कारण तिथे मिसरोद असणार हे तिला माहीत होतं. दुसऱ्या पाकिटावर ती अडली.

“बाबा, हे कुणाचं?”

बाळूकाकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

“तुझ्या आईचं,” ते म्हणाले. “मनोरमाबाई लिहिलंय.”

त्या संध्याकाळी सोनालीने स्टिकर छापले. वरची नावं दिसत राहावीत म्हणून ती ते जरा खाली लावत होती. पण रनिंगची वळणं लांब असतात. स्टिकरखालून कुठे एक शेपूट, कुठे अर्धी वेलांटी बाहेर डोकावत राहिली. बाळूकाका शेजारीच बसले होते. “दाबून लाव,” एवढंच म्हणाले. “कोपरे सुटतात.”

या वेळी पत्रिका पोचल्या. देवपुजारींचा फोन आला. “मिळाली रे! अक्षर अगदी छापल्यासारखं!”

तो टोमणा होता की खरंच, हे बाळूकाकांनी विचारलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात नातू कौस्तुभचं लग्न ठरलं. पत्ते छापखान्यातूनच छापून आले आणि त्यावर कोणी वाद घातला नाही. मंजूषाने मात्र एक कोरं पाकीट सासऱ्यांपुढे ठेवलं. पहिली पत्रिका गणपतीची.

“ही तुम्हीच लिहायची, बाबा.”

त्यांनी पेनात शाई भरली आणि पेन न उचलता ‘श्री गजानन’ लिहिलं, रनिंगमध्ये.

“गणपतीला इंग्लिश?” कौस्तुभ म्हणाला.

“त्याने आजवर तक्रार केलेली नाही.”

येणेप्रमाणे वरिष्ठ लिपिकांच्या हस्ताक्षराचा घरच्या कार्यात यथोचित उपयोग करून घेण्यात आला.

गणपतीच्या पत्रिकेवर पत्ता लिहीत नाहीत.