पेन ड्राइव्हबद्दल मी बोललो नाही

आमच्या नात्यात लग्न ठरलं की पत्रिका मी करायची, असा रिवाजच पडला होता. शुक्रवार पेठेतल्या घरी, पुढच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर. ऑफिसात मी कारकून, तिथं माझं कोण ऐकतंय? पण पत्रिकेत कुणाचं नाव आधी घ्यायचं, हे थोरले काकासुद्धा मला विचारायचे. त्याची चटक लागली होती.

वळणदार अक्षरांचं सॉफ्टवेअर मात्र चोरीचं. कुणाकडून तरी पेन ड्राइव्हवर आणलेलं. ते बसवताना अँटीव्हायरस ओरडायचा. मी तो बंद करायचो. सगळेच करतात की, असं म्हणायचो.

मग कॉम्प्युटर बिघडला. नको त्या जाहिराती आपोआप उघडायला लागल्या, फाइली उघडेनात. बायको दुपारी त्यावर कानडी मालिका बघायची. तिचं माहेर अक्कलकोटकडचं. हे तुझ्या मालिकांनी आणलंय, असं मी मेव्हण्यासमोरच म्हणून मोकळा झालो. दुसऱ्या दिवसापासून तिच्या मालिका बंद झाल्या.

गल्लीतल्या दुरुस्तीवाल्यानं सी ड्राइव्ह फॉरमॅट मारून दिला. तो जिना उतरतोय तोवर मी पेन ड्राइव्ह लावून पत्रिकेचं सॉफ्टवेअर परत बसवलं. संध्याकाळी जाहिराती हजर. तेव्हाच मला कळलं. कळलं नव्हतं, असं म्हणायची सोय मी आता ठेवत नाही.

दुरुस्तीवाला पुन्हा आला. त्याचं म्हणणं, व्हायरस कॉम्प्युटरच्याच दुसऱ्या ड्राइव्हमध्ये दडून बसलाय, आता सगळंच पुसावं लागेल. कॉपी काढून ठेवली तर तिच्यातूनही परत यायचा. त्या ड्राइव्हमध्ये सासूबाईंची बारशाची कानडी गाणी होती. बायकोनं माहेरी त्यांच्याजवळ बसून रेकॉर्ड केलेली. फोन भरला म्हणून कॉम्प्युटरवर ठेवली होती.

"आईची गाणी हायत त्यात," ती दारातून म्हणाली. "दुसरं काही करता येतंय का बघा की."

दुरुस्तीवाला माझ्याकडे बघायला लागला. पेन ड्राइव्ह माझ्या शर्टाच्या खिशात होता. तो काढून त्याच्या हातावर ठेवायचा, एवढंच काम होतं.

मी म्हणालो, "पुसा."

सासूबाई काय, परत गातील, अशी मी मनाची समजूत घातली होती. पण त्यांना विसर पडत गेला. आता पहिली ओळ म्हणतात, थांबतात, आणि पुढं काय ते लेकीलाच विचारतात.

या उन्हाळ्यात तिच्या माहेरी बारसं झालं. पाळण्यापाशी कुणीतरी मोबाइलवर भलतंच गाणं लावलं. बायको बाकीच्या बायकांत टाळ्या वाजवत उभी होती. मला तिथं उभं राहवेना. घरी आल्यावर, ती पिशव्या उपसत असताना, मी सगळं सांगून टाकलं.

तिचे हात थांबले. "पुसा म्हणताना तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"गाणी राहिली असती?"

"व्हय," मी म्हणालो. घरात मी एरवी असं बोलत नाही.

ती भिंतीला टेकून खाली बसली. रडेल असं वाटलं, पण रडली नाही.

"मला वाटायचं, आईची गाणी मीच घालवली," ती म्हणाली. "आईला तसंच सांगितलंय मी."